चिठ्ठ्या, कप्पे आणि ‘ग्रुप बाय’

आमच्या धंद्यात काही कामं अशी असतात की ती करताना आपण काही करतोय असं वाटतच नाही. समोर एक भलामोठा तक्ता असतो. त्यातल्या हव्या तेवढ्या ओळी ठेवायच्या, बाकीच्या गाळायच्या. उरलेल्या ओळींचे दोन-तीन रकान्यांप्रमाणे गट पाडायचे. मग प्रत्येक गटाची बेरीज नाहीतर सरासरी काढायची. बास! एसक्यूएलमध्ये याला ‘व्हेअर’ आणि ‘ग्रुप बाय’ म्हणतात, एक्सेलवाले पिव्हट टेबल म्हणतात, आणि मी सध्या ज्यात जास्त रमतो त्या ‘आर’ नावाच्या संख्याशास्त्राच्या भाषेत ‘फिल्टर’, ‘ग्रुप बाय’, ‘समराइझ’ अशी तीन क्रियापदं आहेत. तीन ओळींचा मामला. चहाचा घोट घेईपर्यंत उत्तर हजर.

आता जरा कल्पना करा, की कॉम्प्युटर नाही, पंच कार्डाचं यंत्रही नाही, आणि तक्त्यात ओळी आहेत जवळजवळ तीस कोटी. काम तेच करायचंय: धर्म, लिंग, वय आणि वैवाहिक स्थिती या चार रकान्यांप्रमाणे गट पाडून प्रत्येक गटातली माणसं मोजायची. हे काम १९०१ साली आपल्या देशात झालं, आणि हाताने झालं. कसं झालं हे कळल्यापासून मी ‘ग्रुप बाय’ टाईप करताना पूर्वीइतका बेफिकीर राहिलेलो नाही. आजच्या वीकेंडचा विषय तोच. लेख जरा लांब आहे, तेव्हा सावकाश वाचा.

सुरुवात शब्दापासून करू. आपली आजी-पणजी जनगणना म्हणत नसे, खानेसुमारी म्हणायची. खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजणी. घरं मोजणं, घरातली माणसं मोजणं. पण मराठीत खाना म्हणजे कप्पासुद्धा! कपाटाचा खाना, टेबलाचा खाना. म्हणजे माणसं कप्प्यांत घालून मोजणं हा अर्थही या शब्दाला चिकटवता येतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही ओढाताण आहे, मान्य, पण १९०१ साली अक्षरशः तसंच झालं.

त्याआधीची पद्धत वेगळी होती. १७ फेब्रुवारी १८८१ आणि २६ फेब्रुवारी १८९१ या रात्रींच्या मोजण्या झाल्या तेव्हा कारकुनांसमोर मोठमोठे आखलेले कागद असायचे. आडवी ओळ वयाची, उभा रकाना लिंगाचा आणि लग्न झालंय की नाही याचा. कारकून मोजणीच्या वहीतून एकेक माणूस वाचायचा आणि योग्य चौकोनात एक रेघ मारायचा. शेवटी रेघा मोजायच्या. दुकानदार गोणी उतरवून घेताना मारतो ना, तशाच. ही पद्धत सोपी आहे, पण हिच्यात एक गोम आहे. रेघ एकदा मारली की ती कुणाची हे कायमचं गेलं. शेजारच्या चौकोनात चुकून पडलेली रेघ आणि बरोबर पडलेली रेघ सारखीच दिसते. संशय आला तर पूर्ण वही पहिल्यापासून वाचायची. शिवाय प्रत्येक नव्या तक्त्यासाठी वही पुन्हा पहिल्या पानापासून! वयाचा तक्ता झाला, आता जातीचा करा. जातीचा झाला, आता धंद्याचा करा.

यावर तोड निघाली जर्मनीत. गेओर्ग फॉन मायर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १८७१ च्या बव्हेरियाच्या मोजणीसाठी साधी युक्ती काढली: प्रत्येक माणसाची एक वेगळी चिठ्ठी करायची. हीच ‘स्लिप पद्धत’ १ मार्च १९०१ च्या खानेसुमारीला हिंदुस्थानात आली. तेव्हा देशाचे खानेसुमारी कमिशनर होते हर्बर्ट रिस्ले, आणि मुंबई इलाख्याचं काम होतं आर. ई. एन्थोवेन यांच्याकडे. (हेच ते एन्थोवेन, ज्यांचे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरचे खंड पुढे प्रसिद्ध झाले.) इलाख्याची लोकसंख्या संस्थानं धरून सुमारे अडीच कोटी. म्हणजे अडीच कोटी चिठ्ठ्या!

चिठ्ठीचं डिझाईन बघण्यासारखं आहे. धर्म लिहायचाच नाही, त्यासाठी कागदाचा रंग वेगळा. पुरुष की स्त्री, अविवाहित, विवाहित की विधवा-विधुर, हेही लिहायचं नाही, त्यासाठी चिठ्ठीवर आधीच छापलेल्या वेगवेगळ्या खुणा. कारकुनाने मोजणीच्या वहीत बघून योग्य रंगाची, योग्य खुणेची चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावर वय, जात, धंदा, भाषा, जन्मस्थान, लिहिता-वाचता येतं का, एवढंच उतरवायचं. आजच्या भाषेत बोलायचं तर ज्या रकान्यांत मोजकेच पर्याय असतात ते त्यांनी ‘फॅक्टर’ करून टाकले, आणि सगळ्यात जास्त वेळा लागणाऱ्या तीन रकान्यांना इंडेक्स दिला. डोळ्यांना दिसणारा इंडेक्स. :)

मग यायची वर्गवारी. समोर कबुतरखान्यासारखी कप्प्यांची मांडणी. रंगामुळे धर्म आपोआप वेगळे झालेले. मग खुणेप्रमाणे सहा ढीग. मग एकेक ढीग घेऊन वयाप्रमाणे कप्प्यांत टाकायचा. सगळ्या चिठ्ठ्या संपल्या की प्रत्येक कप्प्यातल्या मोजायच्या आणि आकडा फॉर्मवर चढवायचा. एक तक्ता तयार. पुढच्या तक्त्यासाठी त्याच चिठ्ठ्या पुन्हा एकत्र करून आता जातीप्रमाणे टाकायच्या, मग भाषेप्रमाणे, मग जन्मस्थानाप्रमाणे. वही परत उघडायची गरज नाही.

यातली गंमत बघा. इथे फिल्टर आणि ग्रुप बाय ही दोन वेगळी कामं नाहीतच. इंग्रजी लिहिता-वाचता येणाऱ्या बायका किती, हे हवं असेल तर बायकांचा ढीग घ्या, त्यातून साक्षर काढा, त्यातून इंग्रजीवाल्या काढा. म्हणजे गट पाडा आणि एक सोडून बाकीचे कप्पे बाजूला ठेवा. फिल्टर म्हणजे एकच कप्पा ठेवलेला ग्रुप बाय. शिवाय ताळाही आपोआप मिळतो. पहिल्या वर्गवारीत जेवढ्या चिठ्ठ्या होत्या तेवढ्याच शेवटच्या वर्गवारीतही असल्या पाहिजेत. कमी भरल्या तर कुठेतरी टेबलाखाली पडली असेल, शोधा. ‘गट पाडण्याआधी आणि नंतर ओळी मोजा’ असं मी ऑफिसातल्या नव्या पोरांना सांगतो तेव्हा ते मान डोलावतात आणि सोडून देतात. १९०१ च्या कारकुनाला ती सोय नव्हती.

२०११ साली हॅडली विकहॅम यांनी एक पेपर लिहून या सगळ्या प्रकाराला नाव दिलं: ‘स्प्लिट, अप्लाय, कम्बाईन’. तोडा, हिशेब करा, जोडा. याच विचारातून पुढे २०१४ मध्ये त्यांचं ‘डीप्लायर’ हे पॅकेज आलं, आणि ‘आर’ वापरणाऱ्यांची बोलीच बदलली. त्याच्या आधी एसक्यूएलमध्ये ग्रुप बाय होतंच. त्याच्याही आधी १८९० च्या अमेरिकन मोजणीत हर्मन हॉलरिथ यांची पंच कार्डाची यंत्रं धडधडत होती. पण यंत्राशिवाय, नुसत्या कागदाच्या रंगावर आणि कप्प्यांवर तोडा-मोजा-जोडा हा कारखाना एवढ्या मोठ्या प्रमाणावर चालवला तो आपल्याकडच्या कारकुनांनी. त्यांची नावं कुठे येत नाहीत. अहवालावर नाव साहेबाचं.

आता एवढा खटाटोप कशासाठी? एकेका रकान्याची बेरीज काढून भागलं नसतं का?

नसतं. याचं सगळ्यात बोचरं उदाहरण म्हणजे बालविधवा. देशात बायका किती हे एका रकान्यावरून कळतं. विधवा किती हे दोन रकान्यांवरून. पण ‘पाच वर्षांच्या आतल्या विधवा’ हा गट दिसायला वय, लिंग आणि वैवाहिक स्थिती हे तिन्ही रकाने एकमेकांना छेदावे लागतात. खानेसुमारीच्या तक्त्यांपैकी हा एक तक्ता, त्यात धर्मही घातलेला, दर दहा वर्षांनी छापला जायचा. आपल्याकडे विधवांच्या प्रश्नावर त्या काळी काय रण माजलं होतं हे वेगळं सांगायला नको. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली लहानपणीच विधवा झालेल्या गोदूबाईंशी लग्न केलं आणि १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली. विरोधक म्हणायचे, अशा मुली असतीलच किती? त्याचं उत्तर तक्त्यात होतं. १९२६ साली गांधीजींनी ‘यंग इंडिया’त सर गंगाराम यांनी खानेसुमारीवरून काढलेले आकडे छापले: पाच वर्षांपर्यंतच्या विधवा ११,८९२, पाच ते दहा वर्षांच्या ८५,०३७, दहा ते पंधरा वर्षांच्या २,३२,१४७. एकूण ३,२९,०७६. पाच वर्षांच्या आतल्या जवळजवळ बारा हजार विधवा! हा आकडा वाचून वाद घालायला तोंड उरत नाही. आणि तो आकडा कप्प्यांमुळे दिसला. एकेका रकान्याच्या बेरजेत या मुली ‘बायका’ या मोठ्या आकड्यात बुडून गेल्या असत्या.

याच तक्त्याने पुढे कायद्याचीही नाडी पकडली. सारडा कायदा १९२९ साली मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मधल्या काही महिन्यांत लोकांनी घाईघाईने मुलांची लग्नं उरकून घेतली. लगेच १९३१ ची खानेसुमारी आली, आणि पंधरा वर्षांच्या आतल्या विवाहित मुलींचा आकडा कमी होण्याऐवजी फुगलेला दिसला. कायदा आला आणि बालविवाह वाढले, असं नुसत्या आकड्यावरून कुणालाही वाटेल. तारखा शेजारी ठेवल्या की खरा प्रकार कळतो.

म्हणजे छेद जितके जास्त तितकं चित्र स्पष्ट. मग सगळेच रकाने एकमेकांना का छेदू नयेत? इथे गणित आडवं येतं. समजा धर्म पाच, लिंग दोन, वैवाहिक स्थिती तीन आणि वयाचे गट सोळा. पाच गुणिले दोन गुणिले तीन गुणिले सोळा, झाले ४८० कप्पे. एवढ्यात फक्त पन्नास जाती घाला, लगेच २४,००० कप्पे! एवढे कप्पे कुठल्या कचेरीत मावणार? म्हणून जातीनिहाय वय आणि वैवाहिक स्थिती हा तक्ता ‘निवडक जातीं’पुरता केला जायचा. निवडक म्हणजे कुणीतरी निवडलेल्या. कुठल्या जातीतल्या बालविधवा मोजायच्या आणि कुठल्या नाही, हे एका साहेबाच्या टेबलावर ठरायचं.

तीच गोष्ट धंद्याची. आमचं पनवेल घ्या. एक्सप्रेस वे आणि विमानतळाच्या आधीचं पनवेल म्हणजे खाडीवरचं बंदर आणि बोरघाटातून देशावर जाणाऱ्या रस्त्याचं तोंड. १८५२ पासून इथे नगरपालिका आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलची ख्याती सांगितलीय ती बैलगाडीच्या चाकांसाठी. देशावरून येणारे गाडीवान इथून चाकं घेऊन जायचे. आता चाकं करणारा पनवेलचा सुतार कुठल्या कप्प्यात टाकायचा? लाकूडकामात? की वाहनं बनवणाऱ्यांत? १९०१ साली धंद्यांचे ५२० गट होते. १९११ साली बर्तीयाँ नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाची वर्गवारी घेतली आणि ५२० चे झाले १६९. दहा वर्षांनी त्या सुताराचं काम बदललेलं नसलं तरी कप्पा बदलू शकतो. दोन तक्ते शेजारी ठेवून ‘अमुक धंदा घटला’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने आधी कप्प्यांची यादी बघितली पाहिजे.

आणि बदलतात ते फक्त धंद्याचेच कप्पे असं नाही. पनवेल तालुका १८८१ च्या मोजणीत ठाणे जिल्ह्यात आहे. १८८३ साली तो कुलाबा जिल्ह्यात गेला. १८९१ साली कर्जतही गेलं. १९८१ साली कुलाब्याचं रायगड झालं. आता कुणी ‘जिल्हा’ या रकान्यावर गट पाडून १८८१ आणि १८९१ ची तुलना केली तर कुलाब्यात लोकसंख्येचा स्फोट दिसेल. प्रत्यक्षात पनवेलची माणसं आपापल्या घरी बसून होती, जिल्हा त्यांच्यावरून सरकला! जुने अहवाल लिहिणारे या बाबतीत काटेकोर होते, आधीचे आकडे नव्या हद्दींप्रमाणे जुळवून मगच तुलना करायचे. आम्ही पुष्कळदा ‘जॉईन’ मारतो आणि मोकळे होतो.

फिल्टरचंही तसंच आहे. कुणाला गाळायचं यावर टक्केवारी बदलते. १९८१ सालची भारताची साक्षरता किती? पूर्ण लोकसंख्येला भागलं तर ३६ टक्क्यांच्या आसपास. सात वर्षांखालची मुलं गाळून भागलं तर साडेत्रेचाळीस. माणसं तीच, शाळा त्याच, सात टक्के मात्र हवेतून आले. १९९१ पासून सात वर्षांखालच्यांना गाळायचं ठरलं, आणि ते बरोबरच आहे, तीन वर्षांच्या पोराला निरक्षर म्हणण्यात काय अर्थ? पण जुना आकडा एका गाळणीतला आणि नवा दुसऱ्या गाळणीतला घेतला की प्रगती फुकटात मिळते. भाषणात असे आकडे ऐकले की मी आधी विचारतो, छेदात कोण?

कप्प्यांची एक गोष्ट मात्र मला आमच्या सॉफ्टवेअरपेक्षा चांगली वाटते. रिकामा कप्पा दिसतो. वर्गवारी संपल्यावर एका कप्प्यात एकही चिठ्ठी नसेल, तरी कप्पा तिथे असतोच, आणि फॉर्मवर त्याच्यापुढे शून्य पडतं. आमच्याकडे ज्या गटात एकही ओळ नाही तो गट उत्तरातून गायब होतो. एसक्यूएलमध्ये होतो, ‘आर’मध्येही मुद्दाम सांगितलं नाही तर होतो. ‘या गावात इंग्रजी शिकलेली एकही बाई नाही’ ही खरं तर बातमी असते. पण ग्रुप बायच्या उत्तरात ती ओळच नसते, आणि नसलेली ओळ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्यामुळे मी आधी सगळ्या शक्य जोड्यांची यादी करतो आणि मोजणी त्या यादीला जोडतो. म्हणजे आधी कप्पे, मग चिठ्ठ्या.

आता मूळ मुद्द्यावर येतो. चिठ्ठ्यांवरून तक्ता करता येतो, पण तक्त्यावरून चिठ्ठ्या करता येत नाहीत. हा एकेरी रस्ता आहे. १९०१ च्या त्या चिठ्ठ्या आज नाहीत, मोजणीच्या वह्याही जपलेल्या नाहीत. उरलेत ते छापलेले खंड. त्या काळी ज्यांना जो प्रश्न सुचला नाही, तो आज आपल्यालाही विचारता येत नाही. पनवेलच्या चाकं करणाऱ्यांपैकी किती जण घाटावरून आलेले होते? धंदा चिठ्ठीवर होता, जन्मस्थानही होतं. दोन्हींचा छेद पनवेलसाठी कुणी घेतला नसेल तर उत्तर गेलं. कायमचं.

याची किंमत फक्त इतिहासप्रेमींनी मोजली असती तर ठीक होतं. १९३१ नंतर सगळ्या जातींचे तक्ते छापणं थांबलं. १९४१ साली युद्ध सुरू होतं, पैशांची ओढ होती, आणि तक्ते करण्याचं बरंचसं काम आखडतं घेतलं गेलं. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी जाती मोजायच्या नाहीत असं धोरण झालं. मग १९७९ साली मंडल आयोग नेमला गेला. देशात इतर मागासवर्ग किती, याचा अंदाज करायला आयोगाकडे आधार कोणता? १९३१ चे तक्ते! त्यावरून पुढे हिशेब करत १९८० च्या अहवालात ५२ टक्के हा अंदाज आला. त्या आकड्यावर देशात काय काय घडलं ते आपण पाहिलंच आहे. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, एवढं मान्य कराल की पन्नास वर्षं जुन्या कप्प्यांवर देशाचा एवढा मोठा निर्णय तोलला जाणं बरं नव्हे.

पण त्याच १९४१ मध्ये एक शहाणपणाची गोष्टही झाली. कमिशनर होते यीट्स. त्यांनी वहीतून चिठ्ठीवर उतरवण्याचा टप्पाच काढून टाकला, मोजणी थेट चिठ्ठीवर. आणि सगळे तक्ते करणं शक्य नाही हे दिसत असताना दर पन्नासावी चिठ्ठी बाजूला काढली गेली. दोन टक्के नमुना. ‘वाय सॅम्पल’ या नावाने तो ओळखला जातो. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये पुढे त्यावरून तक्ते झाले. तेव्हा सगळं मोजायला पैसे नव्हते, पण नंतर विचारायच्या प्रश्नांसाठी कच्चा माल ठेवला गेला. बेरीज ठेवण्यापेक्षा थोड्या ओळी ठेवणं जास्त उपयोगी पडतं, हा धडा कुठल्याही डेटाबेसवाल्याने भिंतीवर लावावा.

आता परत आमच्या पनवेलला येऊ. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. जुनी नगरपालिका, सिडकोच्या खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती आणि आसपासची गावं मिळून. आता या नव्या शहराची २०११ ची लोकसंख्या किती? २०११ साली हे शहर नव्हतंच! पण जनगणनेचा ‘प्राथमिक गोषवारा’ गावनिहाय मिळतो. मी ती फाईल उतरवून घेतली आणि एक रविवार तिच्यात घातला.

त्या फाईलमध्ये एक मजेदार सापळा आहे. जिल्ह्याची ओळ, तालुक्याची ओळ, शहराची ओळ, वॉर्डाची ओळ आणि गावाची ओळ, सगळ्या एकाच तक्त्यात एकाखाली एक. वर प्रत्येकीचे एकूण, ग्रामीण आणि शहरी असे वेगळे प्रकार. म्हणजे फिल्टर न लावता पनवेल तालुक्याची बेरीज घेतली तर एकच माणूस कित्येकदा मोजला जातो. तालुक्याची खरी लोकसंख्या साडेसात लाख. आधी ‘पातळी’ या रकान्यावर गाळायचं, मगच गट पाडायचे. क्रम चुकला की संपलं.

गाळल्यावर दिसतं ते असं: पनवेल नगरपालिका साधारण एक लाख ऐंशी हजार. त्याहून मोठं म्हणजे ‘नवी मुंबई (पनवेल, रायगड)’ अशा अजब नावाचं एक जनगणना शहर, १,९५,३७३ वस्तीचं, ज्याला तेव्हा स्वतःची नगरपालिका नव्हती. बाकीच्या ओळी जोडत गेलं की महानगरपालिकेच्या हद्दीचा आकडा पाच लाख दहा हजारांच्या आसपास पोचतो. पाच वर्षांनंतर काढलेल्या हद्दीची लोकसंख्या आपण बनवू शकलो, कारण गावाची ओळ जपलेली होती.

पण पुढचा प्रश्न विचारा. याच हद्दीत नोकरीसाठी बाहेरून आलेल्या, पदवीपर्यंत शिकलेल्या, तिशीच्या आतल्या बायका किती? पाळणाघरं कुठे काढायची हे ठरवायला असाच आकडा लागतो. गावनिहाय गोषवाऱ्यात स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, अनुसूचित जाती-जमाती, काम करणारे एवढंच आहे. स्थलांतर, शिक्षण आणि वय यांचा छेद गावाच्या पातळीवर नाही. म्हणजे १९०१ च्या सुतारासारखंच. माहिती घेतली होती, पण तो कप्पा आपल्या हाती नाही.

कुणी म्हणेल, मग सगळ्यांच्या ओळीच खुल्या करा. तेही नको. आठशे वस्तीच्या गावात चार फिल्टर लावले की हातात एकच माणूस उरतो, आणि तो कोण हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. १९४८ चा जनगणना कायदा वैयक्तिक नोंदी उघड करू देत नाही ते याचसाठी. कप्पे मोठे केले तर बालविधवा दिसत नाही, लहान केले तर शेजारची विधवा दिसते. मधली वाट म्हणजे नावं-पत्ते काढलेला नमुना अभ्यासकांना देणं, आणि आधी न ठरवलेल्या छेदांची मागणी करता येईल अशी सोय ठेवणं. दोन्ही गोष्टी तांत्रिकदृष्ट्या अवघड नाहीत.

हे सगळं आज सांगण्याचं कारण असं. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली. २०२५ साली सरकारने जाहीर केलं की ती आता होईल, देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ धरून, मोबाईलवर नोंदी घेऊन, आणि १९३१ नंतर पहिल्यांदाच सर्व जातींची नोंद करून. चर्चा सगळी ‘विचारायचं की नाही’ यावर झाली. मला वाटतं, खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: उत्तरं गोळा झाल्यावर कुठले रकाने कुठल्या रकान्यांना छेदणार, आणि गाव, तालुका, जिल्हा यापैकी कुठल्या पातळीवर? आता २४,००० काय, २४ कोटी कप्पेसुद्धा कॉम्प्युटर सहज करेल. कपाटात जागा नाही ही सबब संपली. यापुढे जो तक्ता निघणार नाही, तो कुणीतरी काढायचा नाही म्हणून निघणार नाही.

तेव्हा मंडळी, उद्या तक्ते प्रसिद्ध होतील तेव्हा आकड्यांबरोबर तक्त्यांची यादीही वाचा. कुठला छेद तिथे नाही ते बघा. आणि सोमवारी ऑफिसात ग्रुप बाय लिहाल तेव्हा कच्च्या ओळी डिलीट करण्याआधी एकदा थांबा. :)